ससाण्यावरचा आरोप

१९६० साली ब्रिटनमधल्या कबुतरबाजांनी गृहखात्याकडे गाऱ्हाणं नेलं. बहिरी ससाण्यांचा सुळसुळाट झाला आहे, शर्यतीसाठी जिवापाड जपलेली आमची कबुतरं ते हवेतल्या हवेत उचलतात, तेव्हा या पक्ष्याला १९५४च्या कायद्याने दिलेलं संरक्षण काढून घ्या, अशी त्यांची मागणी होती. दक्षिण वेल्समधून ही ओरड विशेष होती. कबुतरांच्या शर्यती हा तिथल्या खाणकामगारांचा जुना नाद. परसात लाकडी ढाबळ, पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेली जात, आणि शेकडो किलोमीटर दूर नेऊन सोडलेलं कबूतर परतेपर्यंत आभाळाकडे लागलेले डोळे. असं एखादं कबूतर न परतणं म्हणजे काय, हे ज्याने कधी जनावर पाळलं आहे त्याला सांगायला नको.

सरकारने ही मागणी लगेच मान्यही केली नाही आणि उडवूनही लावली नाही. आधी ससाणे मोजायचे ठरलं. ‘ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी’ या पक्षी-अभ्यास संस्थेकडे काम आलं आणि डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६१-६२मध्ये देशभरातले कडे पालथे घालण्याची मोहीम आखली. रॅटक्लिफ शाळकरी वयापासून ससाण्यांच्या घरट्यांमागे डोंगर चढलेले. कोणत्या कड्यावर कोणती जोडी नांदते, याची जुनी माहिती त्यांच्यापाशी आणि त्यांच्यासारख्या अनेक हौशी निरीक्षकांपाशी होती.

मोजणीतून बाहेर आलं ते तक्रारीच्या अगदी उलट. दक्षिण इंग्लंडमधले, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी होती ते समुद्रकडे ओस पडले होते. जिथे जोड्या होत्या तिथे अंडी फुटलेली किंवा पिल्लंच नाहीत. १९३०च्या दशकात देशात आठशेहून अधिक जोड्या होत्या. १९६३पर्यंत त्यातल्या जेमतेम ४४ टक्के उरल्या. ज्याची संख्या फार झाली म्हणून तक्रार आली होती, तो पक्षी नाहीसा व्हायच्या वाटेवर होता.

कारण काय असावं? गोळीबार म्हणावं तर त्याचा अनुभव ताजा होता. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाची विमानं संदेशवाहक कबुतरं बरोबर घेऊन उडत. समुद्रात कोसळलेल्या विमानाची खबर देणारी ही कबुतरं ससाण्याच्या तावडीत सापडू नयेत म्हणून १९४० साली ससाणे मारण्याचा सरकारी हुकूम निघाला आणि सुमारे सहाशे ससाणे मारले गेले. पण युद्ध संपलं, हुकूम मागे घेतला गेला, आणि काही वर्षांत संख्या सावरू लागली. बंदुकीने जे साधलं नव्हतं ते आता दुसऱ्याच कशाने तरी साधलं होतं.

ते होतं शेतातलं विष. युद्धानंतर डीडीटीचा वापर वाढला, आणि १९५६च्या सुमारास आल्ड्रिन व डिल्ड्रिन ही कीटकनाशकं पेरणीच्या बियाण्याला चोळायला सुरुवात झाली. वसंतात पेरलेलं बी टिपणारी रानकबुतरं शेताशेतांतून मरून पडू लागली, ती खाणारे कोल्हे झिंगून मरू लागले. ही रसायनं शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत, चरबीत साठतात. एका कबुतराच्या अंगात आलेलं थोडंसं विष अशी शेकडो कबुतरं खाणाऱ्या ससाण्याच्या अंगात अनेक पटींनी जमा होतं. डिल्ड्रिनने मोठे पक्षी थेट मेले. डीडीटीचं काम आणखी कपटी होतं. त्यापासून शरीरात तयार होणाऱ्या द्रव्यामुळे मादीच्या अंड्याचं कवच पातळ होत होतं. आई उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडं फुटत होतं.

हे सिद्ध कसं झालं, हा भाग मला सगळ्या गोष्टीत सर्वांत विलक्षण वाटतो. ब्रिटनमध्ये एके काळी पक्ष्यांची अंडी जमवण्याचं वेड होतं. घरट्यांची लूट करणारा हा छंद वाईटच, पण त्या संग्रहांमध्ये प्रत्येक अंड्याबरोबर ठिकाण आणि तारीख लिहिलेली होती. रॅटक्लिफ यांनी जुन्या-नव्या अंड्यांची मापं आणि वजनं घेतली. १९४७च्या आसपास एकदम पायरी उतरावी तशी कवचाची जाडी घटलेली दिसली, जवळपास पाचव्या हिश्शाने. डीडीटी शेतात आली त्याच काळात. १९६७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. वसंतातल्या पेरणीच्या बियाण्याला आल्ड्रिन-डिल्ड्रिन चोळणं १९६२पासून आपखुशीने थांबवण्यात आलं, पुढे टप्प्याटप्प्याने बंदी आली. २०१४च्या गणनेत ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्याच्या साधारण १,७७० जोड्या निघाल्या. आज ते लंडनच्या उंच इमारतींवर आणि जुन्या चर्चच्या मनोऱ्यांवर पिल्लं वाढवतात. कबुतरबाजांनी रागाने का होईना गाऱ्हाणं नेलं नसतं, तर ही मोजणी त्या वेळी झाली नसती. त्या अर्थी ससाणा वाचण्यात त्यांचाही वाटा आहे, आणि तो मान्य करायला हवा.

याच विषाने आणखी एक पक्षी गेला होता, आणि शिकाऱ्यांमुळे बागेतली पाखरं घटली या आरोपाची गोष्ट त्याच्यापासून सुरू होते. आपल्याकडच्या शिक्र्याचा युरोपातला जवळचा नातलग, स्पॅरोहॉक. नर दीडशे ग्रॅमच्या आसपास, मादी त्याच्या जवळजवळ दुप्पट. कुंपणाच्या आडून, जमिनीलगत झपाट्याने येऊन दाणे टिपणारं पाखरू उचलायचं, ही त्याची रीत. १९६०च्या सुमारास पूर्व इंग्लंडमधून तो जवळपास नाहीसा झाला, आणि औषधं थांबल्यावर सत्तर-ऐंशीच्या दशकांत हळूहळू परतला. परतला तेव्हा एक पूर्ण पिढी त्याच्याविना वाढली होती. ज्यांच्या बागेत वर्षानुवर्षं फक्त गोड पाखरं यायची त्यांच्या अंगणात एका सकाळी पिसांचं वर्तुळ पडलेलं दिसू लागलं. त्याच काळात चंडोल, शेतचिमण्या यांची संख्या घटल्याच्या बातम्या येत होत्या. लोकांनी दोन आणि दोन चार केले.

पण स्पॅरोहॉकचं जाणं आणि येणं हा नकळत घडलेला प्रयोगच होता. शिकारी काढून घेतला तर पाखरं वाढतात का, आणि परत आणला तर घटतात का, हे तपासायची अशी संधी कोणी मुद्दाम निर्माण करू शकलं नसतं. सरे परगण्यातल्या बुकहॅम कॉमन या ओकच्या राईत १९४९ ते १९७९ अशी तीस वर्षं दर साली घरटी करणाऱ्या पक्ष्यांची मोजदाद होत होती. साधारण १९६० ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे स्पॅरोहॉक नव्हता. इयन न्यूटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे तपासले. शिकारी नसताना छोट्या पक्ष्यांची संख्या फुगली आणि तो आल्यावर कोसळली, असं चित्र दिसलं नाही.

ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात याहून बारकाईने पाहता आलं, कारण तिथे १९४७पासून ग्रेट टिट या पक्ष्याचं प्रत्येक घरटं नोंदलं जातं. हा आपल्याकडच्या वल्गुलीचा भाईबंद. क्रिस्टोफर पेरिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने हिशेब केला तेव्हा घरट्याबाहेर पडलेल्या ग्रेट टिट पिल्लांपैकी जवळपास एक तृतीयांशपर्यंत स्पॅरोहॉकच्या पोटात जात असल्याचं दिसलं. आकडा लहान नाही. आणि तरीही पुढच्या वसंतात घरटी करणाऱ्या जोड्यांची संख्या, स्पॅरोहॉक नव्हता तेव्हाच्या मानाने, घटली नव्हती.

हे कसं शक्य आहे? उत्तर पाखरांच्या जन्ममृत्यूच्या गणितात आहे. ग्रेट टिटची जोडी एका विणीत आठ-नऊ अंडी घालते. त्यांची संख्या तेवढीच राहायची तर त्या आईबापांच्या सबंध आयुष्यात फक्त दोन पिल्लं मोठी होऊन वीण करायला हवीत. बाकीची सगळी या ना त्या कारणाने जाणारच असतात. हिवाळ्यात जंगलात दाणा मोजकाच, झाडाच्या ढोलीही मोजक्याच. शिकाऱ्याने दहा पाखरं नेली तर उरलेल्यांच्या वाट्याला दाणा थोडा जास्त येतो आणि त्यातली जी उपाशी मेली असती ती जगतात. शिकारी बहुतेक वेळा मृत्यूचं कारण बदलतो, एकूण मृत्यूंची बेरीज क्वचितच बदलतो. आणि शिकाऱ्याचंही काही वेगळं नाही. स्पॅरोहॉकच्या पिल्लांपैकी तिघांतली दोन पहिलं वर्ष पुरं करत नाहीत, बहुतेक उपासमारीने. पाखरं किती यावरून शिकारी किती हे ठरतं. उलट क्रमाने ते चालताना फार थोड्या ठिकाणी दिसतं.

स्पॅरोहॉकचा पाखरांवर परिणाम मुळीच होत नाही, असं मात्र समजू नये. तो होतो, पण मोजायला वेगळा तराजू लागतो. अँड्र्यू गॉस्लर, पेरिन्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिलं की स्पॅरोहॉक नसलेल्या वर्षांत ग्रेट टिट हिवाळ्यात जाड होत, आणि तो परतल्यावर सडपातळ झाले. हिवाळ्याच्या लांब रात्रीसाठी चरबी साठवणं हा पाखराचा विमा असतो. पण जड अंगाने चटकन उडता येत नाही, आणि कुंपणामागे शिकारी असेल तर तो क्षणच महत्त्वाचा. म्हणून पाखरं जोखीम तोलतात. थोडी उपाशी राहून थोडी चपळ राहतात. शिकाऱ्याने मारलेल्या पाखरांची संख्या सगळे मोजतात, पण न मारलेल्या पाखरांच्या अंगावरही त्याची सही असते, हे या अभ्यासाने कळलं.

मग घटलेल्या पक्ष्यांचं काय? ब्रिटनमधले शेतपक्षी १९७०पासून निम्म्याहून कमी झाले, ही गोष्ट खरी आहे आणि दुःखाची आहे. पण यादी नीट पाहा. स्पॅरोहॉकचं आवडतं खाणं म्हणजे ब्लू टिट, ग्रेट टिट, रानकबूतर. आणि नेमके हेच पक्षी या काळात टिकले किंवा वाढले. कंठीवाला होला तर ब्रिटनमध्ये १९५५मध्ये पहिल्यांदा घरटं करू लागला आणि देशभर पसरला. घटले ते चंडोलासारखे मोकळ्या शेतातले पक्षी. त्यांच्या घटण्याची कारणं शेतातच सापडली: वसंतातल्या पेरणीऐवजी शरदातली पेरणी, त्यामुळे हिवाळ्यात धान्याची खुंटं आणि सांडलेला दाणा नाही, तणनाशकं, त्यामुळे तणाचं बी नाही आणि त्यावरचे किडेही नाहीत, आणि तोडून टाकलेली कुंपणं. २०१०च्या एका मोठ्या अभ्यासात इंग्लंडमधल्या २९ जातींची शिकाऱ्यांशी सांगड घालून पाहिली गेली, तेव्हा बहुसंख्य जातींच्या बाबतीत शिकाऱ्यांमुळे घट झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

घरचिमणीचं प्रकरण मात्र अजून वादात आहे. तिची ब्रिटनमधली घट मोठी आहे आणि शहरांमध्ये स्पॅरोहॉक परतण्याचा काळ त्या घटीशी जुळतो, असं काही अभ्यासकांनी मांडलं. त्यावर इतरांनी आक्षेप घेतले. लेस्टर शहरात केलेल्या पाहणीत चिमणीची पिल्लं घरट्यातच उपाशी मरताना आढळली, कारण त्यांना भरवायला मावा आणि इतर किडे पुरेसे नव्हते. आपल्या शहरांतल्या चिमण्यांचा विचार करताना मला ही पाहणी जास्त बोलकी वाटते. अंगण सिमेंटने बंद झालं, मेंदीच्या कुंपणाच्या जागी भिंत आली, की पिल्लाच्या चोचीत घालायला अळी उरत नाही. दाण्याने मोठी चिमणी जगते, पिल्लू नाही.

शिकारी पक्षी कधीच संख्या दाबत नाहीत, असंही नाही. स्कॉटलंडमधल्या लँगहोम इथल्या माळरानावर नव्वदच्या दशकात हॅरियर या शिकारी पक्ष्यांना पूर्ण संरक्षण दिल्यावर त्यांनी तिथल्या रेड ग्राउझ या पक्ष्याची इतकी पिल्लं नेली की ग्राउझची शिकार थांबवावी लागली. पण तिथेही हॅरियर वाढले ते माळावरच्या उंदरांच्या आणि छोट्या पक्ष्यांच्या भरवशावर. ग्राउझ हे त्यांचं दुय्यम खाणं होतं. म्हणजे मुख्य अन्न भरपूर आणि दुसरं भक्ष्य विरळ, अशा ठिकाणी विरळ जातीला खरोखर मार बसू शकतो. प्रत्येक ठिकाणी तिथलं तिथे मोजावं लागतं.

आणि बागेतल्या पाखरांचा खरा घात कधीकधी माणसाच्या मायेतूनच होतो. २००५-०६पासून ब्रिटनमधले ग्रीनफिंच एका परजीवी रोगाने मरू लागले. हा रोग मूळचा कबुतर-होल्यांचा. दाण्याच्या आणि पाण्याच्या भांड्यांवर सगळ्या जाती एकत्र येतात, तिथून तो पसरला. काही वर्षांतच ग्रीनफिंचची संख्या एक तृतीयांशाहून जास्त घटली. ज्या बागांमध्ये स्पॅरोहॉकच्या नावाने बोटं मोडली जात होती, त्याच बागांमधली न धुतलेली भांडी त्याच्याहून कितीतरी घातक ठरली.

आता पुन्हा कबुतरांकडे. शर्यतीची कबुतरं खरंच कुठे जातात, हा प्रश्न ब्रिटनमध्ये २०००च्या सुमारास अभ्यासला गेला. दर वर्षी निम्म्याच्या आसपास कबुतरं परततच नाहीत, असं दिसलं. सर्वांत मोठं कारण वाट चुकणं आणि दमून जाणं, त्याखालोखाल इमारतींवर आणि विजेच्या तारांवर आपटणं. शिकारी पक्ष्यांच्या वाट्याला हरवलेल्यांपैकी साधारण सातातलं एक आलं. ज्याची ढाबळ ससाण्याच्या कड्याखाली आहे त्याचं नुकसान नक्कीच जास्त होतं आणि त्याचं दुःखही खोटं नाही. पण शर्यती एकूण संपवणारा वैरी ससाणा नाही.

शहरी कबुतरांवर ससाण्याचा एक परिणाम मात्र लख्ख दिसतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहरात अनेक वर्षं ससाण्यांचे हल्ले पाहिल्यावर लक्षात आलं की कंबरेवर पांढरा पट्टा असलेली करडी कबुतरं फार क्वचित सापडतात. अभ्यासकांनी पांढऱ्या पट्ट्याची पिसं काढून दुसऱ्या रंगाच्या कबुतरांना लावली आणि त्यांची यांना. निकाल उलटा झाला. ससाणा सूर मारून जवळ येतो त्या क्षणी कबूतर एका कुशीवर लोळण घेतं, तेव्हा तो पांढरा पट्टा त्याची नजर चुकवतो. ससाण्याने कबुतरांची संख्या फारशी बदलली नाही, पण त्यांच्या पाठीवरचा रंग मात्र राखला.

मग कबुतरांची संख्या ठरवतं कोण? याचं सर्वांत नेमकं उत्तर स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने दिलं. १९६१ ते १९८५ या काळात तिथे सुमारे एक लाख कबुतरं पकडून आणि गोळ्या घालून मारण्यात आली. शहरातली संख्या वीस हजारांच्या आसपास जशीच्या तशी राहिली. १९८८पासून डॅनियल हाग-वाकरनागेल यांच्या पुढाकाराने लोकांना दाणे टाकू नका म्हणून समजावायला सुरुवात झाली, आणि चार-साडेचार वर्षांत थव्यांमधल्या कबुतरांची संख्या निम्मी झाली. पंचवीस वर्षांच्या कत्तलीने जे झालं नाही ते दाणा कमी केल्याने झालं.

मुंबईत २०२५ साली महापालिकेने आरोग्याच्या कारणावरून कबुतरखाने बंद करायला घेतले, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हा शहर पेटून उठलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या वादात भूतदया, धर्म, दमा, फुप्फुसांचे आजार सगळं आलं. पक्षीशास्त्राच्या बाजूने एवढंच सांगता येतं की पोत्याने दाणा पडत असेल तोवर कबुतरं कमी होणार नाहीत. एखादा ससाणा पाळून किंवा आणून सोडून तर मुळीच नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर राहणारा शाहीन ससाणा आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा बहिरी ससाणा मुंबई-पुण्यातल्या उंच इमारतींवर कबुतरं मारतात, पण ते आपल्या पोटापुरती.

आपल्या गल्लीत मात्र शिक्राच जास्त भेटतो. गुलमोहरात दडून बसलेला, लाल-पिवळ्या डोळ्यांचा, कबुतराएवढाच पक्षी. सरडे, पाली, उंदीर, टोळ आणि अधूनमधून एखादी चिमणी हे त्याचं खाणं. तो आला की साळुंक्या, बुलबुल आणि खारी एकाच वेळी कलकलाट करतात, आणि गॅलरीत उभं राहून पाहणाऱ्याला आपल्या आवारातला सगळा संसार दोन मिनिटांत कळतो. २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालाने भारतातल्या अनेक शिकारी पक्ष्यांची संख्या घटत असल्याचं सांगितलं आहे, आणि कबुतरांची वाढत असल्याचंही. गिधाडांच्या बाबतीत आपण उशिरा जागे झालो. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडं मरत होती, हे कळेपर्यंत बहुतेक गेली होती.

म्हणून एवढीच विनंती. गॅलरीत शिक्रा दिसला तर त्याला दगड मारू नका, त्याचं घरटं असलेल्या झाडाची फांदी मार्च ते जूनमध्ये छाटू देऊ नका. पाखरांसाठी पाणी ठेवत असाल तर भांडं रोज घासून धुवा आणि ते मोकळ्या कठड्यावर न ठेवता झुडपाजवळ ठेवा, म्हणजे पळायला आडोसा राहील. चिमण्या हव्या असतील तर दाण्यापेक्षा कडीपत्ता, जास्वंद, मेंदी लावा, आणि त्यांवर विषारी फवारणी करू नका. पिल्लांना भरवायचे किडे तिथेच वाढतात.